टपावरचे कॅरिअर पुन्हा पुन्हा सैल का होते? घाटात आणि पाणंदीत फिरणाऱ्या गाड्यांसाठी समस्या निवारण

कोल्हापुरातून गगनबावड्याकडे, राधानगरीमार्गे दाजीपूरकडे किंवा चंदगडच्या बाजूला नेहमी जाणाऱ्या गाड्यांच्या मालकांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. टपावर बसवलेले कॅरिअर दोन-तीन फेऱ्यांनंतर सैल होते, पाना लावून आवळले की काही दिवस शांत राहते आणि मग पुन्हा खडखडू लागते. माझ्या बोलेरोवर हा प्रकार सलग दोन पावसाळे चालला. दुसऱ्या पावसाळ्यात करूळ घाट चढून गगनबावड्यात थांबलो असताना पायरीवर उभे राहून टपाकडे पाहिले, तेव्हा उजव्या बाजूचा पुढचा क्लॅम्प आपल्या जागेवरून चार बोटे मागे सरकलेला दिसला. तो सरकताना पन्हळीवरचा, म्हणजे टपाच्या कडेने पाणी वाहून नेणाऱ्या दुमडलेल्या पत्र्यावरचा, रंग खरवडला गेला होता आणि त्या चकचकीत पट्ट्यावर पावसाच्या पाण्याने तांबूस डाग धरायला सुरुवात केली होती. पन्हळीची कड मात्र आतल्या बाजूला दुमडलेली होती, आणि ती रस्त्याने नव्हे तर माझ्याच पान्याने दुमडली होती, कारण प्रत्येक वेळी सैल सापडलेला नट मी आधीपेक्षा जास्त जोर लावून आवळत आलो होतो.

मी गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एका मशीन शॉपच्या तपासणी विभागात काम करतो. यंत्राचा बोल्ट सैल झाला की त्याचे कारण शोधल्याशिवाय आम्ही पाना हाती घेत नाही. स्वतःच्या गाडीच्या बाबतीत मी हा नियम दोन वर्षे पाळला नाही, आणि त्याची किंमत पन्हळीच्या पत्र्याने मोजली. पुढे जे लिहिले आहे ते कारण शोधण्याचा क्रम, त्यातून मिळालेले उपाय आणि नवीन कॅरिअर निवडताना आधीच पाहून ठेवण्याच्या गोष्टी यांच्याबद्दल आहे.

पहिली तपासणी: रंगाची एक रेघ

सैल झालेल्या नटाचे दोन अगदी वेगळे आजार असतात आणि हाताने हलवून पाहिल्यास ते दोन्ही सारखेच वाटतात. पहिल्या आजारात नट खरोखरच उलटा फिरलेला असतो. दुसऱ्यात नट तसूभरही फिरलेला नसतो, पण त्याच्याखाली दाबलेली वस्तू बसते, म्हणजे रबर चेपते किंवा रंगाचा थर दबतो, आणि बोल्टमधला ताण निघून जातो. या दोन आजारांवरचे उपाय इतके निरनिराळे आहेत की ओळख पटण्याआधी केलेला कोणताही खर्च वाया जाण्याची शक्यता मोठी असते.

ओळख पटवण्यासाठी पांढरा किंवा पिवळा पेंट मार्कर पुरेसा आहे. सर्व क्लॅम्प एकदा व्यवस्थित आवळावेत, कापडाने कोरडे करावेत आणि प्रत्येक नटाच्या माथ्यावरून सुरू होऊन वायसरवरून खाली क्लॅम्पच्या पत्र्यापर्यंत जाणारी एक सरळ रेघ ओढावी. दुसरी रेघ क्लॅम्पच्या कडेपासून पन्हळीवर ओढावी, म्हणजे क्लॅम्प जागेवरून सरकला तर तेही लगेच कळते. त्यानंतर नेहमीचा प्रवास करावा आणि परत आल्यावर, पाना लावण्याआधी, रेघा पाहाव्यात. नटावरची रेघ तुटून तिचे दोन तुकडे एकमेकांपासून बाजूला गेले असतील तर नट फिरला आहे. रेघ अखंड असून क्लॅम्प हाताने हलत असेल तर खालचा थर बसला आहे. पन्हळीवरची रेघ सरकलेली असेल, तर क्लॅम्पची पकड आडव्या जोरापुढे अपुरी पडली आहे.

माझ्या गाडीवर सहा क्लॅम्प होते. दाजीपूरच्या एका फेरीनंतर त्यांपैकी चार नटांवरच्या रेघा जशाच्या तशा होत्या, तरी चारही क्लॅम्प सैल होते. उरलेल्या दोघांपैकी एकाचा नट सुमारे पाव फेरा फिरला होता आणि त्याच क्लॅम्पची पन्हळीवरची रेघही सरकली होती. म्हणजे माझा मुख्य आजार दुसऱ्या प्रकारचा होता, आणि नट फिरू नये म्हणून मी तोवर आणलेल्या स्प्रिंग वायसरांचा त्या आजाराशी काहीही संबंध नव्हता.

खालचा थर बसतो म्हणजे काय होते

बोल्ट आवळला की तो स्प्रिंगसारखा ताणला जातो आणि त्या ताणामुळेच दोन्ही वस्तू एकमेकींना घट्ट धरून ठेवतात. हा ताणला जाण्याचा आकडा किती लहान असतो हे समजले की पुढचे सगळे उलगडते. आठ मिलिमीटर व्यासाचा बोल्ट १२ न्यूटन-मीटर टॉर्कने, म्हणजे तेवढ्या पिळण्याच्या जोराने, आवळला, तर कोरड्या आट्यांवर त्यात ढोबळमानाने साडेसात हजार न्यूटन, म्हणजे सुमारे साडेसातशे किलो वजनाइतका ताण निर्माण होतो. इतका ताण असूनही नट आणि बोल्टचा माथा यांच्यामधली लांबी २० मिलिमीटर असेल, तर बोल्ट फक्त २० मायक्रॉन ताणलेला असतो, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. पावडर कोटिंगचा, म्हणजे भुकटी फवारून भट्टीत भाजलेल्या रंगाचा, एकच थर साधारणपणे ६० ते १०० मायक्रॉन जाडीचा असतो. नटाखालचा तो थर, त्याच्या खालच्या पत्र्यावरचा थर आणि पन्हळीत घातलेले रबर हे सगळे मिळून थोडेसे दबले, तरी बोल्टचा सारा ताण संपतो आणि नट न फिरता सैल होतो. क्लॅम्पची पट्टी स्वतः थोडी लवचीक असल्याने प्रत्यक्षात थोडी सवलत मिळते, पण जाड रबरापुढे ती फार वेळ टिकत नाही.

आपल्याकडे कॅरिअर बसवताना पन्हळीचा रंग जाऊ नये म्हणून जुन्या ट्यूबचे रबर दुहेरी घडी करून क्लॅम्पखाली घालण्याची पद्धत आहे. हेतू चांगला असतो, परंतु मऊ रबर दाबाखाली दिवसेंदिवस चेपत राहते आणि उन्हाने तापलेल्या टपावर ते आणखी लवकर चेपते. माझ्या क्लॅम्पखालून निघालेले रबर बसवताना सहा मिलिमीटर जाड होते आणि काढताना मधोमध अडीच मिलिमीटर भरले. त्याच्या खालच्या बाजूला पाणी साचून पन्हळीचा रंग फुगला होता, म्हणजे ज्या रंगासाठी रबर घातले तोही वाचला नव्हता.

उपाय सरळ आहे. क्लॅम्पखालचे जाड रबर काढून त्याजागी दीड ते दोन मिलिमीटर जाडीचा कठीण नायलॉनचा किंवा कडक रबराचा तुकडा घालावा, जो नखाने दाबला तर दबत नाही. तुकडा क्लॅम्पच्या आकारापेक्षा मोठा ठेवू नये, नाही तर त्याच्या कडेखाली पाणी धरून राहते. नट आणि वायसर ज्या जागी टेकतात तेवढ्या वर्तुळातले पावडर कोटिंग खरवडून धातू उघडा करावा, त्यावर झिंक प्रायमरचा एकच पातळ हात द्यावा आणि तो पूर्ण वाळल्यावर नट बसवावा. शक्य असेल तेथे लांब बोल्ट वापरावा व त्याच्याखाली लोखंडी नळीचा तुकडा घालावा. ६० मिलिमीटर लांबीचा बोल्ट त्याच ताणाला ६० मायक्रॉन ताणला जातो, त्यामुळे खालचा थर वीस मायक्रॉन बसला तरी दोन-तृतीयांश ताण शिल्लक राहतो. शिवाजी उद्यमनगरातल्या कोणत्याही लेथवर असे नळीचे सहा तुकडे काटकोनात कापून मिळतात, आणि मला स्वतःला या एका बदलाने जेवढा गुण आला तेवढा दुसऱ्या कशानेही आला नाही.

नट खरोखर फिरत असेल तर

गेऱ्हार्ट युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये प्रयोगाने दाखवून दिले की, बोल्टच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या धक्क्यांपेक्षा त्याला आडवे सरकवणारे धक्के नटाला कितीतरी लवकर फिरवतात. आट्यांमध्ये आणि नटाखाली घर्षणाची जी पकड असते, ती आडवी सरकण सुरू होताच सुटते आणि नट आपल्या उताराने थोडा थोडा उलटा फिरत जातो. त्याच्या नावाने ओळखली जाणारी कंपन चाचणी आजही नट-बोल्टच्या तपासणीत वापरली जाते. या चाचणीत साध्या स्प्रिंग वायसरचा निकाल निराशाजनक लागतो, कारण बोल्ट पुरेसा आवळला की ते वायसर सपाट दबते आणि त्यानंतर आडव्या सरकणीला ते अडवू शकत नाही. दुकानात नट-बोल्टबरोबर ते न मागता मिळते, म्हणून त्यावर भरवसा ठेवणारे पुष्कळ जण आहेत. मीही त्यांच्यापैकी होतो.

नायलॉनचे कडे असलेला नट सरकण थांबवत नाही, पण फिरत्या नटाला अडवतो आणि तो पूर्ण निघून पडण्यापासून वाचवतो. टपावरच्या वस्तूसाठी एवढी हमीसुद्धा मोलाची आहे, म्हणून माझ्या मते कॅरिअरला तोच नट लावावा. एकदा काढलेला नट पुन्हा वापरू नये, कारण नायलॉनमध्ये आटे एकदा कोरले गेले की पकड कमी होते. निळ्या रंगाचे मध्यम ताकदीचे थ्रेड लॉकर, म्हणजे आट्यांमध्ये घट्ट होऊन नट धरून ठेवणारे द्रव्य, हा दुसरा चांगला पर्याय आहे. त्यासाठी आटे पेट्रोलने नव्हे तर ॲसिटोनने पुसून पूर्ण कोरडे करावेत, दोन-तीन थेंब लावून नट आवळावा आणि चोवीस तास गाडी हलवू नये. घाईत संध्याकाळी लावून पहाटे घाटाला निघणाऱ्याला त्याचा फायदा मिळत नाही. हे द्रव्य काही प्रकारच्या प्लास्टिकला तडे पाडते, म्हणून ते नायलॉनच्या कड्याच्या नटाबरोबर किंवा प्लास्टिकच्या टोप्यांजवळ वापरू नये.

स्टेनलेस स्टीलचे नट-बोल्ट गंजत नाहीत म्हणून अनेक जण आग्रहाने घेतात. त्यांचे आटे कोरडे असताना वेगाने आवळले तर ते एकमेकांना चावतात आणि नट ना पुढे जातो ना मागे येतो. असे बोल्ट वापरायचे असतील तर आट्यांना अँटी-सीझ ग्रीस लावावे आणि हाताच्या पान्यानेच सावकाश आवळावे. ग्रीस लावल्यावर त्याच टॉर्कला बोल्टमध्ये जास्त ताण येतो, म्हणून टॉर्क त्या मानाने कमी ठेवणे आवश्यक असते.

किती आवळावे, हे अंदाजावर सोडू नये

क्लॅम्पच्या उत्पादकाने टॉर्क दिला असेल तर तोच अंतिम मानावा. स्थानिक फॅब्रिकेटरकडून बनवून घेतलेल्या कॅरिअरला असा आकडा नसतो आणि तेथेच गोंधळ सुरू होतो. आठ मिलिमीटरचा ८.८ या ताकदीच्या दर्जाचा बोल्ट सुमारे २५ न्यूटन-मीटर सहज सोसतो, पण टपाची पन्हळ म्हणजे दुमडलेला पातळ पत्रा आहे आणि बोल्टला झेपणारा जोर तिला झेपत नाही. मी माझ्या गाडीवर १२ न्यूटन-मीटर ठेवले आहेत. पन्हळ त्याने दबली नाही आणि वर सांगितलेले बदल केल्यानंतर पकड पुरेशी राहिली.

टॉर्क रेंच नसेल तरी हा आकडा घरच्या घरी गाठता येतो. प्रवासाच्या बॅगा मोजण्याचा हुकाचा डिजिटल काटा पान्याला अडकवावा. नटाच्या मध्यापासून हुकापर्यंतचे अंतर २५ सेंटिमीटर ठेवावे आणि पान्याला काटकोन करून काटा ओढावा. काट्यावर ५ किलो दिसले की टॉर्क साधारण १२ न्यूटन-मीटर झाला. हुक सरकू नये म्हणून पान्यावर २५ सेंटिमीटरच्या खुणेला इन्सुलेशन टेपचे दोन वेढे द्यावेत. पहिल्यांदा हे केले तेव्हा मला आश्चर्य वाटले, कारण पाच किलो ही माझ्या नेहमीच्या हाताच्या जोरापुढे अगदीच कमी ओढ होती. वर्कशॉपमधला मुलगा शेजारी उभा राहून "आणखी आवळू की, साहेब," असे दोनदा म्हणाला. आधी पन्हळ याच सवयीने दुमडली होती.

सर्व नट एका दमात पूर्ण आवळू नयेत. आधी सगळे हाताने टेकवावेत, मग अर्ध्या टॉर्कने समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या क्रमाने आवळावेत आणि शेवटी पूर्ण टॉर्क द्यावा. एक कोपरा आधी घट्ट केला तर चौकट तिरकी बसते आणि उरलेले क्लॅम्प सुरुवातीपासूनच ओढीत राहतात.

कोणता क्लॅम्प सैल होतो, यावरून काय समजते

सर्वच क्लॅम्प थोडे थोडे सैल होत असतील तर खालचा थर बसत आहे, हे वर आलेच. पुढचे दोन्ही क्लॅम्प मागे सरकत असतील तर वाऱ्याचा दाब किंवा पुढच्या बाजूला ठेवलेले जड सामान तपासावे. एकच क्लॅम्प पुन्हा पुन्हा सुटत असेल तर त्याचा आकार पन्हळीच्या त्या जागेच्या वळणाशी जुळत नाही, हे टॉर्चच्या उजेडात फट पाहून कळते.

समोरासमोरच्या कोपऱ्यांतले, म्हणजे पुढचा उजवा आणि मागचा डावा, किंवा उलट, असे दोन क्लॅम्प जोडीने सैल होणे याचे कारण सर्वांत लवकर नजरेआड होते. ऊसतोडणीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी पाणंदीत पाडलेल्या खोल चाकोरीतून गाडी तिरकी बाहेर काढताना एक पुढचे चाक वर आणि त्याच्या विरुद्ध बाजूचे मागचे चाक वर, अशी अवस्था येते. त्या वेळी गाडीचा सांगाडा पिळला जातो आणि टपही थोडे पिळले जाते. आपल्याकडची बरीचशी कॅरिअर जाड पाइप वेल्डिंग करून जमिनीवर सपाट बनवलेली असतात. ती पिळत नाहीत, म्हणून पिळाचा सगळा जोर दोन कोपऱ्यांच्या क्लॅम्पांवर येतो. अशा वेळी टॉर्क वाढवून काही साधत नाही. चौकटीचे आडवे दांडे बोल्टने जोडलेले असावेत, किंवा कोपऱ्यांतल्या पायांना थोडी लवचीक पोलादी पट्टी असावी, म्हणजे पिळ क्लॅम्पपर्यंत पोहोचण्याआधी चौकटीत विरतो.

याच्या नेमका उलट दोषही आढळतो. चार बाजूंची चौकट हलकी असते, आतल्या दांड्यांना तिरका आधार नसतो आणि ब्रेक लावला की आयताचा समांतरभुज होतो. चौकटीला दोन्ही हातांनी पुढे-मागे ढकलून पाहावे. कोपरे आपापल्या जागी राहून मधले दांडे तिरके होत असतील तर तळाशी एक तिरकी पट्टी बसवावी. एवढ्याने आडवी सरकण थांबते. तिरकी पट्टी बसवल्याने चौकट आडव्या पातळीत ताठ होते, पण पिळाला ती फारशी अडवत नाही, त्यामुळे दोन्ही उपाय एकाच कॅरिअरवर एकत्र नांदू शकतात.

वजनाचा हिशेब

कॅरिअर सैल होण्याच्या मुळाशी बहुतेक वेळा वजन असते, आणि ते वजन सामानाचे असतेच असे नाही. २५ मिलिमीटर चौकोनी, २ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पाइपचे वजन दर मीटरला सुमारे १.४ किलो भरते. बोलेरोच्या टपाएवढ्या कॅरिअरला बाजूंच्या दोन कठड्यांसह वीस-बावीस मीटर पाइप सहज लागतो. त्यावर जाळी, क्लॅम्प आणि वेल्डिंग धरावे. माझे कॅरिअर काढून भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवले तेव्हा ते ४६ किलो भरले, आणि मी ते इतके दिवस पंचवीस-तीस किलो समजत होतो.

अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत गाडी चालवताना टपावर किती भार चालतो हे दिलेले असते, आणि तो आकडा सहसा कॅरिअरचे वजन धरून असतो. उदाहरणासाठी तो ७५ किलो समजू. चांगल्या रस्त्यावर ४६ किलोचे कॅरिअर वजा केले तर सामानासाठी २९ किलो उरतात. परदेशातले काही रॅक उत्पादक कच्च्या रस्त्यासाठी या मर्यादेला दीडने भागायला सांगतात, म्हणजे ७५ चे ५० होतात. त्यातून ४६ वजा केले की पाणंदीत आणि खडकाळ वाटेवर सामानासाठी चार किलो उरतात. चार किलोत एक ताडपत्री आणि दोन पट्टे बसतात, स्टेपनी बसत नाही. थांबलेल्या गाडीच्या टपाला यापेक्षा पुष्कळ जास्त भार चालतो, म्हणूनच टपावरच्या तंबूत माणसे झोपू शकतात. तो आकडा चालत्या गाडीला लावू नये.

टपावरच्या वजनाने गाडी कलंडण्याचा धोकाही वाढतो. १७०० किलोच्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७५ सेंटिमीटरवर धरला आणि दोन मीटर उंचीवर ५० किलो ठेवले, तर गुरुत्वमध्य सुमारे साडेतीन सेंटिमीटर वर सरकतो. आकडा छोटा वाटतो, पण घाटातल्या वळणावर किंवा आडव्या उतारावर गाडीचा कल नेमका त्याच सेंटिमीटरांत मोजला जातो. पाण्याचे वीस लिटरचे कॅन, हत्यारांची पेटी आणि स्वयंपाकाचा सिलिंडर ही जड वस्तू गाडीच्या आत, मागच्या चाकांच्या पुढे आणि शक्य तितकी खाली असावीत. पेट्रोल-डिझेलचे कॅन टपावर ठेवूच नयेत, कारण गाडी कलंडली किंवा कॅन फुटला तर ते माणसांच्या डोक्यावर सांडते.

सामान बांधण्याची पद्धतही नट सैल होण्याशी थेट जोडलेली आहे. सैल बांधलेली पेटी प्रत्येक खड्ड्यात हातोड्यासारखी आपटते. नायलॉनची दोरी भिजली की लांबते, आणि गगनबावड्याच्या पावसात ती अर्ध्या तासात भिजते, म्हणून पॉलिएस्टरचा रॅचेट पट्टा वापरावा. पट्टा चौकटीला बांधावा, क्लॅम्पच्या बोल्टला किंवा पन्हळीला नव्हे. पट्ट्याला एक पीळ देऊन बांधला तर वाऱ्याने तो फडफडत नाही.

नवीन घेणाऱ्याने आधी टप पाहावे

कॅरिअर निवडताना बहुतेक जण चौकटीची नक्षी आणि रंग पाहतात, पण टप कोणत्या प्रकारचे आहे यावर निम्मा निर्णय अवलंबून असतो. बोलेरोसारख्या किंवा जिम्नीसारख्या गाडीला पन्हळ असते. तेथे पन्हळीवर बसणारे क्लॅम्प चालतात आणि टपाला छिद्र पाडावे लागत नाही. क्लॅम्पची संख्या चारऐवजी सहा किंवा आठ घ्यावी, म्हणजे प्रत्येक जागेवरचा भार कमी होतो. काही गाड्यांना टपावर लांब दांडे असतात आणि ते मजबूत दिसतात, पण त्यांतले कित्येक फक्त शोभेचे असतात. पुस्तिकेत त्यांच्यासाठी भार दिलेला नसेल तर त्यांना कॅरिअर जोडू नये.

२०२० मध्ये आलेल्या नव्या थारचे कठीण टप पत्र्याचे नसून फायबरचे आहे, आणि कापडी टप तर भार घेऊच शकत नाही. अशा टपावर थेट बोल्ट मारलेली कॅरिअर मी पाहिली आहेत. काही महिन्यांत बोल्टाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या तड्या जातात आणि पाणी आत झिरपते. तेथे भार टपाला न टेकता गाडीच्या धातूच्या अंगावर उतरवणारी बाहेरची चौकट लागते, किंवा टपावर काही ठेवण्याचा विचार सोडावा लागतो. माझे मत दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने आहे.

कॅरिअर बोल्टने काढता येणारेच असावे. टपाला वेल्डिंग केलेले कॅरिअर गाडीच्या रचनेतला कायमचा बदल ठरू शकतो, आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. कायद्याचा भाग बाजूला ठेवला तरी वेल्डिंगने पत्र्याचा गंजरोधक थर आतून जळतो, आणि तेथे हात पोहोचत नसल्याने पुन्हा रंग देता येत नाही.

पाणी, गंज आणि घुमणारा आवाज

चौकोनी पाइपची तोंडे प्लास्टिकच्या बुचांनी बंद केलेली असली तरी वेल्डिंगच्या बारीक छिद्रांतून पाणी आत जाते. वळणावर टपावरून खळखळ ऐकू आली तर ते पाइपमधले पाणी असते. प्रत्येक आडव्या पाइपच्या सर्वांत खालच्या बाजूला पाच मिलिमीटरचे एक छिद्र पाडावे आणि छिद्राच्या कडेला प्रायमर लावावा. घाट उतरून कोकणात समुद्रकिनारी गेलेली गाडी परत आल्यावर कॅरिअर गोड्या पाण्याने धुवावे, विशेषतः ॲल्युमिनिअमच्या चौकटीला लोखंडी किंवा स्टेनलेस बोल्ट असतील तर, कारण खारट ओलाव्यात त्या जोडाजवळचे ॲल्युमिनिअम पांढऱ्या भुकटीसारखे खाल्ले जाते.

काही जण सैल क्लॅम्पची तक्रार म्हणून जो आवाज सांगतात, तो प्रत्यक्षात वाऱ्याचा असतो. खड्ड्यात येणारी खडखड म्हणजे सैल जोड. ठरावीक वेगाला सुरू होणारा आणि वेग बदलला की सूर बदलणारा घुमणारा आवाज म्हणजे गोल पाइपमागे तयार होणारे वाऱ्याचे भोवरे. २५ मिलिमीटर पाइपसाठी ताशी ८० किलोमीटरला तो सुमारे १८० हर्ट्झचा, म्हणजे जाड सुराचा असतो. पुढच्या पाइपाभोवती मळसूत्राप्रमाणे दोरी गुंडाळली की भोवरे तुटतात आणि आवाज थांबतो. नटांना त्यासाठी हात लावू नये.

बसवल्यानंतरचे वेळापत्रक

नवीन पद्धतीने बसवलेले कॅरिअरसुद्धा पहिल्या काही किलोमीटरमध्ये थोडे बसतेच, आणि ते नैसर्गिक आहे. पहिली तपासणी ५० किलोमीटरनंतर करावी, म्हणजे कोल्हापूरहून गगनबावड्यापर्यंतचे साधारण एका बाजूचे अंतर. दुसरी ५०० किलोमीटरनंतर, आणि त्यापुढे प्रत्येक कच्च्या वाटेच्या प्रवासाआधी फक्त रेघा पाहाव्यात. रेघ अखंड असेल आणि क्लॅम्प हलत नसेल तर पाना लावू नये, कारण उगाच हलवलेला नायलॉनचा नट पकड गमावतो. थ्रेड लॉकर लावलेला नट तपासणीच्या वेळी फिरला तर त्याचे बंधन तुटते, मग तो काढून आटे साफ करून नव्याने लावावा लागतो.

वाकलेल्या पन्हळीचे काम मी सर्वांत शेवटी केले. लाकडाचा पाचर पन्हळीत धरून बाहेरून रबरी हातोडीने हलके ठोके दिले आणि कड जवळपास सरळ झाली. गंज लागलेली जागा पॉलिश पेपरने धातूपर्यंत घासली, प्रायमर आणि रंग दिला आणि त्या जागी क्लॅम्प न बसवता तो दहा सेंटिमीटर पुढे, न वाकलेल्या पत्र्यावर घेतला. जुने ४६ किलोचे कॅरिअर मधल्या दोन दांड्या आणि एक कठडा काढून ३४ किलोवर आणले. त्यानंतर दाजीपूरच्या दोन आणि चंदगडच्या पाणंदींतल्या तीन फेऱ्या झाल्या. सहापैकी पाच नटांवरच्या रेघा अजून अखंड आहेत. सहावा, मागचा डावा, पहिल्या फेरीत केसभर फिरला होता. त्याच्याखालचा नळीचा तुकडा काटकोनात कापलेला नव्हता, हे काटकोन तपासण्याचा गुण्या लावून पाहिल्यावर दिसले, आणि तो बदलून लावल्यापासून त्याचीही रेघ तुटलेली नाही.